शिशाची गोळी आणि गिधाडाचा घास

शिकारीसाठी वापरल्या जाणाऱ्या शिशाच्या रायफल गोळ्यांवर डेन्मार्कने एप्रिल २०२४ पासून बंदी घातली. शिशाचे छर्रे तेथे १९९६ पासूनच निषिद्ध आहेत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१३ मध्ये असाच कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून तो सर्व शिकारीला लागू झाला.

कॅलिफोर्नियातील कायद्यामागे कॉन्डॉर या महाकाय गिधाडाची करुण कहाणी आहे. १९८२ मध्ये हे पक्षी जेमतेम २२ उरले होते. शिशाची गोळी हरणाच्या अंगात शिरताच तिचे असंख्य सूक्ष्म कण विखुरतात. शिकारी मांस नेतो, आतडी रानातच टाकतो. ती खाणाऱ्या पक्ष्याच्या रक्तात शिसे भिनते. मुक्त वावरणाऱ्या कॉन्डॉरांच्या मृत्यूचे प्रमुख कारण आजही शिशाची विषबाधा हेच आहे.

तांब्याची गोळी सहसा फुटत नाही. पाकळ्यांसारखी उमलते आणि बहुधा अखंड राहते. मग विरोध का? मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी स्वतः काडतुसे भरणाऱ्यांच्या आक्षेपात तथ्य आहे. तांब्याची घनता सुमारे ८.९, तर शिशाची ११.३. त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. ती पुंगळीतील दारूची जागा व्यापते आणि हवेत स्थिर राहण्यासाठी तिला नळीतील आट्यांचा अधिक घट्ट पीळ लागतो. साहजिकच वर्षानुवर्षे जुळवलेले प्रमाण निरुपयोगी ठरते. मग हलकी गोळी निवडणे, दारूची मात्रा ग्रेनच्या, म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅमच्या, अंशांत बदलणे, गोळी पुंगळीत किती खोल बसवायची ते ठरवणे आणि प्रत्येक बदलानंतर शंभर यार्डांवर नेम तपासणे, हे सारे नव्याने करावे लागते. एकाच्या रायफलीला मानवलेले प्रमाण दुसऱ्याच्या रायफलीला मानवेलच असे नाही.

हा केवळ हौसेचा प्रश्न नव्हे. नेम चुकला तर जखमी जनावर रानात तडफडत मरते. वेग मंदावला की तांबे नीट उमलत नाही. म्हणून किती अंतरावरून बार टाकायचा याची मर्यादाही पुन्हा ठरवावी लागते. हे काम चिकाटीने करणाऱ्याला मात्र तांब्यातूनही उत्तम अचूकता मिळते.

ॲरिझोना राज्याने हे ओळखले. तेथे सक्ती न करता, कॉन्डॉरच्या प्रदेशात शिकारीचा परवाना मिळालेल्यांना २००५ पासून शिसेविरहित काडतुसे मोफत देण्यात आली आणि बहुसंख्य शिकाऱ्यांनी ती स्वीकारली.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार संपली, तरी हा धडा आपल्या ओळखीचा आहे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकने येथील गिधाडे जवळजवळ नामशेष केली. २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तेव्हा मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय हाताशी होता. तरीही माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या कुप्या पुढे अनेक वर्षे गुरांसाठी वापरल्या जात राहिल्या.

तेव्हा बंदी हवीच. पण तिच्यासोबत नवी काडतुसे जुळवून पाहण्यास पुरेसा अवधी आणि परवडणारा पुरवठाही हवा. आपल्याच रायफलीतून तांब्याची गोळी नेमकी लागते हे पाहिलेल्या शिकाऱ्यावर कायद्याचा बडगा उगारावा लागत नाही.