किण्व आणि राखून ठेवलेले निरोप

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्तींत नानाच्या भट्टीवरून जातांना जो आंबुस वास येतो, तो खमिराचा. कौटिल्यानें सुराध्यक्षाच्या प्रकरणीं ज्यास 'किण्व' म्हटलें, त्याच कुळांतली ही वस्तु. मात्र तें काम सजीव पेशी करतात, हें त्या काळीं कोणास ठाऊक नव्हतें.

किण्वाची एक पेशी मिलिमीटरच्या सुमारें २०० व्या भागाएवढी. तेवढ्यांत सुमारें २ लाख रायबोसोम, म्हणजे प्रथिनें घडविणारे कारखाने, असतात. रायबोसोमची रचना उलगडल्याबद्दल बडोद्यास शिकलेले वेंकटरामन रामकृष्णन यांस इतर दोघांसह २००९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. कोणतें प्रथिन घडवावयाचें याचा निरोप जनुकाकडून आर. एन. ए. च्या धाग्यावर येतो, आणि एकाच धाग्यावर अनेक रायबोसोम माळेंतील मण्यांसारखे चालत असतात.

आतां पेशीची साखर काढून घ्या. मिनिटा-दोन मिनिटांत हे मणी गळूं लागतात व प्रथिनांचें बहुतेक काम थांबतें. कोणास वाटेल, निरोप फाडून टाकले. कांहीं नष्ट होतात खरे. पण कित्येक बाजूस राखून ठेवले जातात आणि साखर मिळतांच पुन्हां रायबोसोमकडे येतात. दुष्काळांत कोठी रिती झाली, म्हणून घरची वडीलधारी बाई पाककृतींची वही चुलींत घालीत नाहीं. मराठवाड्यांतील वाचकांस हें अधिक सांगावयास नको.

हा अडसर घालणारीं प्रथिनें आर. एन. ए. ला बिलगणारीं असतात. त्यांपैकीं 'एस-सी-डी-६' व 'एस-बी-पी-१' यांविषयीं पुरुषार्थ राज्यगुरू, रॉय पार्कर प्रभृतींनीं २०१२ सालीं दाखविलें कीं, रायबोसोमला निरोपापर्यंत आणणारा जो '४-जी' नांवाचा घटक (भ्रमणध्वनीचा नव्हे), त्यालाच तीं चिकटतात. मग रायबोसोम निरोपाशीं पोंचतच नाहीं. राज्यगुरू यांनीं पुढें बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत हेंच संशोधन चालविलें.

ही कथा माणसापर्यंत येते. 'फस' नांवाचें असेंच एक प्रथिन आपल्या मज्जापेशींत आहे. त्याच्या जनुकांतील बिघाडानें, हातापायांचे स्नायू क्रमानें निकामी करणारा असाध्य विकार कांहीं कुटुंबांत उतरतो, हें २००९ मध्यें आढळलें. २०११ मध्यें तें मानवी प्रथिन किण्वपेशींत घालून पाहिलें, तों तेथेंही तें गुठळ्या करून विषासारखें वागलें. जिवंत रुग्णाच्या मज्जापेशी काढून प्रयोग करतां येत नाहींत. किण्व मात्र एका रात्रींत वाढतें, आणि कोणत्या प्रथिनाच्या साह्यानें तें विष उतरतें, हें त्यावर एकामागून एक तपासतां येतें.