कोरीव खांबाशेजारी नवे शिल्प

कारंजा लाडमध्ये कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट आजही सांगतात. विकायला आलेली कस्तुरी एका धनिकाने घेतली आणि ती चक्क बांधकामाच्या चुन्यात कालवली, अशी ती आख्यायिका. काष्ठासंघ जैन मंदिरातले लाकडावरचे कोरीवकाम मात्र आख्यायिका नाही. ते जाऊन बघता येते. वाशिम जिल्ह्यातल्या या गावात आजच्या चित्रकारांचे प्रदर्शन एखाद्या जुन्या वाड्यात भरायला हवे.

नक्षीदार घरात चित्र हरवते, त्याला कोरी पांढरी भिंतच लागते, असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. जयपूरच्या नाहरगडावर हा समज खोटा ठरला. सवाई माधोसिंह दुसरे यांनी नऊ राण्यांसाठी बांधलेल्या माधवेंद्र भवनाच्या भिंती, कमानी वेलबुट्ट्यांनी भरलेल्या आहेत. 2017च्या डिसेंबरात तिथे आधुनिक शिल्पे मांडली गेली. रंगवलेल्या महिरपीखाली सुबोध गुप्तांसारख्या शिल्पकाराचे काम पाहताना नजर शिल्पावरून भिंतीवर जाई आणि पुन्हा शिल्पाकडे येई. दोन्ही नव्याने दिसत.

मुंबईत भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालय हे घर नव्हे, पण 1872 सालची ती वास्तू सजावटीत कुठल्या वाड्याला हार जाणार नाही. 2008मध्ये ती दुरुस्त होऊन खुली झाली. त्यानंतर सुदर्शन शेट्टी, जितिश कलाट, अतुल दोडिया यांनी तिथल्या जुन्या कपाटांच्या सोबतीने आपली कामे मांडली.

वाड्यात हे करायचे तर घराचे ऐकावे लागेल. ओसरीतली देवळी घ्या. तिच्या माथ्यावर पणतीची काजळी पिढ्यान्‌पिढ्या साचलेली असते. ती खरवडून चुना फासला तर घराची आठवणच पुसली जाते. त्याच काजळीखाली वीतभर मातीचे शिल्प ठेवावे, वरून झगझगीत दिवा सोडू नये. भिंतीत एकही खिळा ठोकायचा नाही. कडीपाटाला काही टांगण्याआधी वाळवी लागली आहे का, हे जाणत्या सुताराकडून तपासून घ्यायचे.

जुने वाडे पडतात, तेव्हा त्यांचे कोरीव खांब शहरातल्या हॉटेलांच्या शोभेला जातात, ही फार जिवाला लागणारी गोष्ट आहे. घरमालकाला दुरुस्ती झेपत नाही, त्याला दोष कसा देणार? जिल्हा प्रशासनाने दुरुस्तीला हातभार लावावा आणि बदल्यात वर्षातून पंधरा दिवस बैठकीची खोली मागावी. पहिल्या वर्षी एवढी एक खोली पुरे. चित्रकार बोलवावेत आणि शाळांच्या सहली तिथेच न्याव्यात.