ट्रेलर की डेमो?

परवा मामेभावाने कॉलेज प्रोजेक्टचा ट्रेलर दाखवला. ड्रोन शॉट, स्लो मोशन, दर कटला 'ढुम्म'. विचारलं, "सिनेमा कशावर आहे रे?" तर म्हणे, "दादा, दा विंची रिझॉल्व्हवर!" अरे, ते तर फुकट मिळतं! सिनेमा आहे आजोबांच्या पिठाच्या गिरणीवर. ट्रेलरमध्ये गिरणीची घरघर एकदाही नाही. पण मार्क कशाला? 'टूल्स युज्ड' या स्लाइडला. (आपले रेझ्युमे तरी काय वेगळे असतात?)

१९६० साली हिचकॉकने 'सायको'च्या ट्रेलरमध्ये काय केलं? स्वतः सेटवर फिरत गप्पा मारल्या, शेवटी बाथरूमचा पडदा सारला आणि एक किंकाळी! खून न दाखवता सहा मिनिटं खिळवून ठेवलं. सॉफ्टवेअर जरूर शिका, पण प्रत्येक कट 'का', ते आधी सांगा. नाहीतर तो ट्रेलर नव्हे, सॉफ्टवेअरचा डेमो.