पुढची चाकं का रुसली?

गेल्या मे महिन्यात सुरतेला मेव्हण्यांकडे जाण्याचा योग आला. सासऱ्यांच्या माघारी त्यांची जुनी जिप्सी तिथं उधन्यात उभी होती. ती खानापूरला शेतावर आणायची, असं हिनं मनात धरलेलं. पावसाळ्यात आमच्या शेताची वाट म्हणजे नुसता राडा; चारही चाकांना जोर हवा. आणि नेमका तोच गेलेला! लिव्हर ‘फोर-एच’वर टाकला, दिवा लागला, पण ओल्या मातीत मागची चाकं गरगर फिरली, पुढची ढिम्म. एका गॅरेजवाल्यानं ट्रान्स्फर केस खोलायचा मोठा खर्च सांगितला. ‘‘त्यापेक्षा भंगारात देऊ,’’ मेव्हणे म्हणाले. हिचा चेहरा उतरला. मी शहाणपणा सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाली, ‘‘सुम्मने इर्री!’’

उधना, लिंबायत भागात खानदेशातली मंडळी पुष्कळ. त्यांच्यातलेच एक वयस्क मिस्त्री आले. बोलण्यात अहिराणीचा ठसका. त्यांनी पाना न उचलता आधी जरा लांबून, वाकून बघितलं. मागची चाकं फिरताना पुढचा प्रोपेलर शाफ्टही फिरत होता. म्हणजे ट्रान्स्फर केस ठणठणीत; जोर पुढं कुठंतरी गळत होता.

या गाडीच्या पुढच्या चाकांना हातानं फिरवायचे हब आहेत. ‘लॉक’ केले की चाक एक्सलला जोडलं जातं, ‘फ्री’ केले की सुटं. आम्ही दोन्ही ‘लॉक’ केले होते. मिस्त्रींनी पुढचा भाग जॅकवर उचलला, गाडी गिअरमध्ये, ‘फोर-एच’वर ठेवली, इंजिन बंद. एक चाक हातानं फिरवलं की दुसरं उलटं फिरायला हवं. फिरलं नाही. डावा हब उघडला, तर आत ग्रीसचा वाळून दगड झालेला. खटका फिरत होता, पण आतली कडी सरकतच नव्हती.

मला नवल याचं वाटलं, की एकच हब बिघडला तरी दोन्ही चाकं निकामी! डिफरन्शिअल सगळं फिरणं सुट्या बाजूला देऊन टाकतं. (घरातही असंच असतं म्हणा.)

रॉकेलनं धुऊन, नवं ग्रीस भरून तासाभरात काम झालं. महिन्यातून एकदा हब लॉक करून थोडं चालवा, पण कोरड्या डांबरावर ‘फोर-एच’ लावू नका, असं मिस्त्रींनी दोनदा बजावलं.

निघताना मेव्हणेच हळवे झाले. घारीचा डबा मांडीवर घेऊन ही कोल्हापूर येईपर्यंत पुढच्या सीटवरून हलली नाही.