रात्री कुणीतरी हाकेच्या अंतरावर असू द्या

घरात फिट येणारा मुलगा किंवा मुलगी आहे आणि यंदा शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्या-मुंबईला, नागपूरला, कोट्याला निघाली आहे, अशा आईवडिलांसाठी हे आवाहन आहे. त्या मुलांच्या होणाऱ्या रूममेटसाठी, वॉर्डनसाठी आणि त्यांना महिन्याच्या गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांसाठीही आहे. एव्हाना बॅग भरून झाली असेल. चिवडा, लोणचं, चादरी, चार्जर, गोळ्यांची पाकिटं. निघताना घरातलं मोठं माणूस बाजूला घेऊन हळूच सांगतं, "तिथे कुणाला सांगत बसू नकोस." बाकी सगळं न्या, हा सल्ला मात्र घरीच ठेवा. तो जिवावर बेतू शकतो.

कसा, ते स्पष्टच सांगते. एपिलेप्सी असलेली काही माणसं, त्यातही विशी-तिशीतली, अचानक मरण पावतात. बुडून नाही, अपघाताने नाही, तास-तास न थांबणाऱ्या आकडीनेही नाही. बहुतेक वेळा रात्री, झोपेत. सकाळी ती अंथरुणात सापडतात, पुष्कळदा पालथी. शवविच्छेदनात दुसरं काहीही कारण हाती लागत नाही. डॉक्टर याला ‘सुडेप’ म्हणतात, म्हणजे एपिलेप्सीत येणारा आकस्मिक आणि अनपेक्षित मृत्यू. बाथरूमला आतून कडी लावायची नाही, विहिरीवर एकटं जायचं नाही, चुलीपाशी जपायचं, हे फिट येणाऱ्या माणसाच्या घरात सगळ्यांना पाठ असतं. रात्रीचं हे मात्र बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

घाबरण्याआधी प्रमाण बघा. एपिलेप्सी असलेल्या हजार प्रौढांमागे वर्षाला साधारण एक मृत्यू असा होतो, म्हणजे ९९९ जणांना काही होत नाही. लहान मुलांत हे प्रमाण साडेचार हजारांत एक, असं २०१७ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत म्हटलं होतं. नंतर स्वीडन आणि कॅनडातल्या अभ्यासांत ते मोठ्यांच्या जवळ जाणारं निघालं. पण हा धोका सगळ्यांना सारखा नसतो. क्षणभर हरवल्यासारखं होणं, एकटक बघत राहणं, हात चाळवणं एवढ्यावरच ज्यांची फिट थांबते, त्यांना तो फारच कमी. अंग ताठ होऊन सगळं शरीर झटके देतं ती मोठी फिट ज्यांना येते, धोका त्यांना. वर्षात अशा तीन किंवा अधिक फिट आल्या तर तो पंधरा पटींच्या आसपास जातो. स्वीडनमध्ये देशभरातल्या अशा मृत्यूंचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात मोठी फिट येऊन गेलेली आणि शिवाय रात्री खोलीत एकटीच झोपणारी माणसं घेतली, तर धोका सदुसष्ट पट भरला. या फिट थांबल्या असत्या किंवा रात्री खोलीत कुणी असतं, तर मोठी फिट येणाऱ्या आणि एकट्याने राहणाऱ्या माणसांतले सुमारे ६९ टक्के असे मृत्यू टळले असते, असा त्या संशोधकांचा हिशेब आहे.

कॅमेरॉन बॉइस हे नाव तुमच्या मुलांना माहीत असेल. डिस्नेच्या ‘डिसेंडंट्स’मधला तो हसरा मुलगा. ६ जुलै २०१९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये तो झोपेतच गेला. वय २०. त्याला आयुष्यात मोजक्याच फिट आल्या होत्या आणि त्या झोपेतच आल्या होत्या. सुडेप हा प्रकार आपल्याला आधी ठाऊकच नव्हता, असं त्याच्या आईवडिलांनी नंतर सांगितलं. पैसा, डॉक्टर, हॉस्पिटलं यांतलं काहीच कमी नसलेल्या शहरातलं हे घर. मग परभणीच्या किंवा गडचिरोलीच्या एखाद्या घराला हे कोण सांगणार?

अशा वेळी नेमकं काय होतं याची नोंद योगायोगाने झालेली आहे. फिट तपासण्यासाठी रुग्णांना व्हिडिओ कॅमेऱ्याखाली ठेवतात, त्या वॉर्डांत घडलेले असे १६ मृत्यू संशोधकांनी जगभरातून गोळा केले आणि २०१३ मध्ये मांडले. त्यातले १४ रात्री झाले होते. मोठी फिट येऊन थांबली, काही वेळ श्वास भराभर चालला, मग श्वास आणि हृदय दोन्ही अडखळू लागले, आणि शेवटी आधी श्वास थांबला, मागून हृदय. सगळं फिट संपल्यानंतरच्या काही मिनिटांत. ज्यांच्याजवळ कुणीतरी लगेच पोचलं, त्यांतले काही वाचले. हे रुग्णालयात घडलं, नर्सेस जागेवर असताना. रात्री लक्ष थोडं सैल पडतं, एवढंच पुरलं. यावरून हॉस्टेलच्या बंद खोलीचा अंदाज करा.

आणि नेमकी अशी बंद खोली आपण पैसे मोजून घेतो. ‘इतर मुलांना कळायला नको’ म्हणून एकट्याची रूम, जास्त भाडं भरून. ‘पुढे लग्नाला अडचण’ म्हणून कॉलेजच्या फॉर्मवर ‘कोणताही आजार नाही’. लग्नाचं म्हणाल तर कायद्याने ती अडचण केव्हाच काढून टाकली. हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात एपिलेप्सीचा वेडाच्या जोडीने उल्लेख होता, तो १९९९ च्या दुरुस्तीने गेला. कायदा सुधारून पाव शतक उलटलं, आपली बैठकीची खोली अजून तिथेच आहे. मुलींच्या बाबतीत लपवाछपवी दुप्पट. नव्या घरी नवऱ्यासमोर गोळी घेता येत नाही म्हणून लग्नानंतर औषध बंद करणाऱ्या मुली आहेत, आणि ते बंद कर म्हणून सांगणाऱ्या आयाही आहेत. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. हे वाचून मुलीचं बाहेरगावचं शिक्षण रद्द करू नका. तिला पाठवा, फक्त एकटीच्या खोलीत पाठवू नका.

रूममेट होणाऱ्या मुलांनो, तुम्ही डॉक्टर व्हायची गरज नाही. फिट आली तर घड्याळ बघा. आजूबाजूची टोकदार वस्तू दूर करा, डोक्याखाली काही मऊ द्या, दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. नाकाशी कांदा नको, चप्पल तर अजिबात नको. त्याने फिट एक सेकंदही लवकर थांबत नाही. झटके ओसरले की लगेच कुशीवर वळवा, तोंड-नाक उशीत दबलेलं नाही ना ते बघा. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत, किंवा शुद्ध न येता दुसरी फिट सुरू झाली, तर १०८ ला फोन. नाकात मारायचा मिडाझोलॅमचा स्प्रे डॉक्टरांनी दिलेला असेल तर तो कसा वापरायचा हे आधीच शिकून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं मात्र यानंतरचं. फिट थांबली, तो शांत घोरतोय, म्हणून दिवा मालवून झोपू नका. हाका मारा, खांदा हलवा, छाती वर-खाली होते का बघत राहा. त्याने नीट उत्तर देईपर्यंत जागेवरून उठू नका. श्वास थांबलेला दिसला तर छातीच्या मधोमध जोराने दाब द्यायला सुरुवात करायची आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगायचं. छाती दाबण्याचं हे तंत्र अर्ध्या तासात शिकता येतं. कॉलेजच्या एनएसएसने एक शिबिर यासाठी घ्यावं, वृक्षारोपणाचा फोटो पुढच्या आठवड्यात काढता येईल.

आता गोळ्या. मोठी फिट अजिबात येऊ न देणं हाच यावरचा खरा इलाज आहे, आणि तो बहुतेकांना साध्या गोळ्यांनी साधतो. ‘दोन वर्षांत काही झालं नाही’ म्हणून स्वतःहून बंद करायच्या नाहीत. नवरात्राचे कडक उपवास, परीक्षेची जागरणं, विसर्जनाची रात्र, मित्राच्या बर्थडेची दारू, या सगळ्यांत झोप आणि गोळी दोन्ही चुकतात, आणि फिट नेमकी त्याच सुमाराला येते. उपवासाला गोळी चालते, हे आजीकडूनच वदवून घ्या. दोन योग्य औषधं नीट, पुरेशा डोसमध्ये घेऊनही फिट येतच असतील तर तिसरी-चौथी गोळी वाढवत वर्षं घालवू नका. एपिलेप्सीच्या विशेष केंद्रात दाखवा. काहींना शस्त्रक्रियेने फिट कायमच्या थांबतात. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत ती १९९५ पासून होते आहे, आणि आता मुंबईतही होते. फिट ओळखून फोनवर इशारा देणारी मनगटावरची घड्याळंही मिळतात. परवडत असेल तर घ्या, पण इशारा ऐकून धावत येणारं माणूस हवंच.

डॉक्टरांना एक विनंती. पेशंट घाबरेल म्हणून तुम्ही बोलत नाही, हे समजू शकते. ओपीडीत एकेका पेशंटला चार मिनिटं मिळतात, हेही. पण स्कॉटलंडमध्ये दोन तरुणींच्या अशा मृत्यूंची न्यायालयीन चौकशी झाली, तेव्हा २०११ च्या निकालात न्यायाधीशांनी स्पष्ट म्हटलं की काही मोजके अपवाद सोडले तर रुग्णांना हा धोका निदानाच्याच सुमारास सांगायला हवा. रुग्णांना हा धोका सांगावा, असं अमेरिकेतल्या २०१७ च्या सूचनाही म्हणतात. ज्यांना हे वेळेवर सांगितलं जातं, ती मुलं गोळ्या जास्त मनापासून घेतात, असं मला वाटतं. सांगताना ‘९९९ जणांना काही होत नाही’ इथूनच सुरुवात करा. प्राथमिक आरोग्य केंद्रांत एपिलेप्सीच्या गोळ्या संपल्या आहेत म्हणून पेशंटला महिनाभर परत पाठवणं थांबवा, ही विनंती आरोग्य खात्याला. तो महिना फार महाग पडू शकतो.

वॉर्डन आणि पीजी चालवणाऱ्यांनी एवढंच करावं. प्रवेशाच्या फॉर्मवर ‘आजार आहे का’ या रकान्याखाली एक ओळ छापा: ‘असल्यास प्रवेश नाकारला जाणार नाही.’ आणि ती पाळा. फिट येणाऱ्या मुलाला शेअरिंगची खोली द्या, दाराची दुसरी किल्ली ऑफिसात ठेवा.

आईवडिलांनो, सोडायला जाल तेव्हा रूममेटला जेवायला घेऊन जा. त्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर, डॉक्टरांचा नंबर आणि गोळ्यांची नावं टाका. फिट कशी येते ते तुमच्या मुलालाच त्याच्यासमोर सांगू द्या. हे सगळं झाल्यावरच परतीची गाडी पकडा.