हिरडीला शिक्षा कशाला?

दिवाळीचा फराळ आणि दंतवैद्य यांचे नाते जुने आहे. चकली जरा कडक झाली की एखाद्या जुन्या, किडक्या दाढेचा तुकडा पडतो आणि पाडव्याला गृहस्थ गाल धरून आमच्या दारात! अशाच एका गृहस्थांना मी म्हटले, "दाढ वाचेल, पण थोडी हिरडी कापावी लागेल." ते खुर्चीतून अर्धे उठले. "डॉक्टर, मोडली दाढ, आणि शिक्षा हिरडीला?"

प्रश्न रास्त होता. दाढेवर कॅप बसवायची तर तिला धरायला शाबूत दात हवा. यांची दाढ तर हिरडीच्या खाली मोडलेली. मग कॅपच खोल का बसवू नये? कारण हिरडी दाताला नुसती टेकलेली नसते. हाडाच्या काठालगत तिचा एक पट्टा दाताला चिकटलेला असतो. गार्जुलो, वेन्ट्झ आणि ऑर्बन यांनी १९६१ साली त्याची मोजमापे प्रसिद्ध केली. सरासरी भरली २.०४ मिलिमीटर. जागा एवढीशी, पण कॅपची कड तीत घुसली की हिरडी सुजते, ब्रश लावताच रक्त येते आणि हाड झिजू लागते. म्हणून हिरडी, आणि बहुधा थोडे हाडही कमी करून, मोडलेला काठ व हाड यांत सुमारे ३ मिलिमीटर अंतर ठेवतात. मूळच आखूड असेल, तर मात्र दाढ काढलेली बरी.

हल्ली हसताना हिरड्या दिसतात म्हणूनही माणसे येतात. लग्न तीन आठवड्यांवर आलेली एक मुलगी आईबरोबर आली. "लेसरने चुटकीसरशी होते ना?" आईने विचारले. कापणे चुटकीसरशी होते हो; पण हाड दाताच्या कडेजवळ असेल, तर कापलेली हिरडी पुन्हा खाली उतरते. ओठ आखूड किंवा जबडाच लांब असेल, तर हिरडीला हात लावून उपयोग नाही. फिट्सवरचे फेनिटॉइन, रक्तदाबावरचे अम्लोडिपिन यांनीही काहींच्या हिरड्या वाढतात. अशा वेळी गोळ्या परस्पर बंद करू नयेत. त्या देणाऱ्या डॉक्टरांना विचारावे.

त्या मुलीचे हाडही कमी करावे लागणार होते आणि पुढच्या दातांची हिरडी स्थिरावायला काही महिने लागतात. "आधी लग्न, मग हिरडी," मी म्हटले. मायलेकी नाराज होऊन गेल्या. जाईनात का! लग्नाच्या फोटोत सुजलेली हिरडी दिसण्यापेक्षा ते बरे.

तेव्हा वाचकहो, हिरडी कापून घेण्यापूर्वी एवढेच विचारा : "हाड कोठे आहे, ते मोजलेत का?" उत्तर मिलिमीटरमध्ये आले, तर खुशाल खुर्चीत बसा.