नदी ओलांडली की रुपया बदलायचा!



बल्लारपूरहून राजुऱ्याला जाताना वर्धा नदी लागते. पूल ओलांडला की आपण पलीकडे. खिशातली दहाची नोट दोन्हीकडे दहाचीच. पण तुमच्या पणजोबांच्या काळी असं नव्हतं बरं का! अलीकडे चांदा जिल्हा, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. पलीकडे हैदराबादच्या निजामाचं राज्य. राजुरा तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होतं. खाली अहेरी-सिरोंचाकडेही तीच गत. मधे प्राणहिता, आणि पल्याड निजामाचा मुलूख.

इंग्रजांच्या रुपयाला लोक म्हणत ‘कलदार’. कल म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला तो कलदार. निजामाचा रुपया ‘हाली’. हाली म्हणजे सध्या चालू असलेला. त्याच्यावर चारमिनारचं चित्र असे. दोन्ही रुपयांचे आणे सोळाच. मग फरक कशात? चांदीत!

जुना कलदार ११.६६ ग्रॅम वजनाचा. त्यात शेकडा ९१.६७ भाग चांदी, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम. हाली सुमारे ११.२ ग्रॅमचा. त्यात चांदी शेकडा ८२ च्या आसपास, म्हणजे सुमारे ९.१ ग्रॅम. आता ७ हालींतली चांदी काढा आणि ६ कलदारांतली काढा. दोन्हीकडे साधारण ६४ ग्रॅम! म्हणूनच भाव ठरला होता : ७ हाली = ६ कलदार.

हिशेब सोपा आहे. हालीचे कलदार करायचे तर ६ ने गुणा, ७ ने भागा. कलदारचे हाली करायचे तर ७ ने गुणा, ६ ने भागा. गोंधळ झाला तर एवढंच आठवा : हाली हलका, म्हणून हालीचा आकडा मोठा.

आता खरी गंमत. समजा, बल्लारपूरच्या एका शेतकऱ्याला बैल घ्यायचा आहे. गावात बैल ७५ रुपये कलदार. राजुऱ्याला तसाच बैल ८४ रुपये हाली. स्वस्त कोणता? घाईत कोणीही म्हणेल, ‘‘७५ चा!’’ थांबा. ८४ × ६ ÷ ७ = ७२ कलदार. म्हणजे राजुऱ्याचा बैल ३ रुपयांनी स्वस्त!

पण सराफ काय फुकट नाणी बदलून देईल? तो ‘बट्टा’ कापणार. ‘नावाला बट्टा लागला’ म्हणतो ना आपण, तोच हा शब्द. समजा, बट्टा रुपयामागे अर्धा आणा. ७२ रुपयांचे झाले ३६ आणे, म्हणजे २ रुपये ४ आणे. उरला फायदा १२ आण्यांचा. नावेचं भाडं त्याहून जास्त असेल, तर गावचाच बैल बरा!

ज्याला हे गणित येत नव्हतं, त्याला कोणी सांगेल तोच भाव खरा मानावा लागे. पाढे पाठ असलेल्या घरात घामाचा पैसा टिकत असे. आईबाबांनो, परदेशातून पैसे येतात तेव्हाही असंच असतं. नुसता भाव पाहू नका, मधे किती कापलं तेही विचारा.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं. १९५१ मध्ये हाली नाणी-नोटा काढणं थांबलं. १९५९ मध्ये हाली कायमचा बंद झाला. राजुराही १९५६ मध्ये नांदेड जिल्ह्यात आणि १९५९ मध्ये आपल्या चांदा जिल्ह्यात आलं. त्याच चांद्याचं पुढे चंद्रपूर झालं आणि १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला.

घरात आजी-आजोबा असतील तर विचारा, ‘‘हाली ऐकलाय का?’’ एखाद्या जुन्या डब्यात चारमिनारवालं नाणं निघालंच, तर घासूनपुसून चकचकीत करू नका. जुनं नाणं घासलं की झिजतं.

आणि हे कोडं सोडवा : एका खिशात ४९ रुपये हाली, दुसऱ्या खिशात ४३ रुपये कलदार. जास्त पैसे कोणत्या खिशात? आणि किती जास्त?

(उत्तर : दुसऱ्या खिशात. ४९ हाली म्हणजे ४२ कलदार. म्हणून १ कलदार जास्त.)